डिझेलचा ताफा पर्यायी इंधनावर नेताना : पुणे परिसरात हे काम नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी

पुण्यात वाहनांचा ताफा म्हटले की पीएमपीएमएलच्या, म्हणजे पुणे महानगर परिवहन महामंडळाच्या, बस डोळ्यांसमोर येतात. परंतु चाकण, रांजणगाव आणि तळेगावच्या औद्योगिक वसाहतींत सुटे भाग पोहोचवणारे टेम्पो, हिंजवडीतील कंपन्यांचे कर्मचारी नेणाऱ्या-आणणाऱ्या बस, शाळांच्या गाड्या, गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पहाटे भाजीपाला उतरवणारे पिकअप आणि दुधाचे टँकर हेही ताफेच आहेत, आणि डिझेल सोडण्याचा प्रश्न त्यांच्या मालकांपुढे अधिक अवघड रूपात उभा आहे. महामंडळाकडे अभियंते असतात, निविदा काढणारा विभाग असतो. दहा-पंधरा गाड्यांच्या मालकाकडे बहुधा एक हिशेबनीस, एक ओळखीचा मेकॅनिक आणि विक्रेत्याने दिलेले रंगीत पत्रक एवढेच असते. अशा मालकांना मदत करण्याचे काम ज्यांच्याकडे नव्याने आले आहे, मग ते वाहतूकदार संघटनेत असोत, सल्लागार कार्यालयात असोत किंवा एखाद्या कारखान्याच्या मालवाहतूक विभागात, त्यांच्यासाठी हे टिपण आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. इंधन ताफ्यासाठी निवडायचे नसते, ते फेरीसाठी निवडायचे असते. एकाच मालकाच्या बारा गाड्यांपैकी पाच विजेवर, चार सीएनजीवर आणि तीन आणखी काही वर्षे डिझेलवरच राहणे हा पुष्कळदा सर्वांत शहाणपणाचा निर्णय असतो, आणि तो मालकाला पटवून देणे हाच या कामातील मोठा भाग आहे.

पहिली पायरी : फेऱ्यांची वही

मालक गाडीचा ॲव्हरेज तोंडपाठ सांगतो, पण तो आकडा बहुधा गाडी नवी असतानाचा किंवा महामार्गावरचा असतो. म्हणून तोंडी माहितीवर न विसंबता, प्रत्येक गाडीची किमान महिनाभराची नोंद मिळवावी. रोजचे किलोमीटर, सर्वांत लांब फेरीचे किलोमीटर, भरलेल्या आणि रिकाम्या फेऱ्या, माल चढवताना-उतरवताना गाडी किती वेळ उभी राहते, रात्री ती कुठे मुक्कामाला असते, आणि टाकी पूर्ण भरल्यापासून पुन्हा पूर्ण भरेपर्यंत किती डिझेल लागले, एवढे तपशील पुरेसे आहेत. जीपीएस असेल तर यातील निम्मे काम आपोआप होते. नसेल तर ट्रिपशीट आणि पंपाच्या पावत्या जुळवाव्या लागतात. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळून पुढे गेल्यास नंतरचा प्रत्येक हिशेब हवेत राहतो.

नोंदी पाहताना सरासरीपेक्षा टोकाच्या दिवसांकडे लक्ष द्यावे. एखादा पिकअप महिन्यातील पंचवीस दिवस ऐंशी किलोमीटर धावतो आणि उरलेल्या दिवसांत अचानक कोल्हापूरला जातो. सरासरी पाहिली तर तो विजेसाठी आदर्श ठरेल, परंतु कोल्हापूरचे भाडे सोडायला मालक तयार आहे का, की ते दुसऱ्या गाडीवर टाकता येईल, हे आधी विचारले पाहिजे.

पुण्याच्या बाबतीत आणखी एक रकाना आवश्यक आहे, तो म्हणजे घाट. मुंबईकडे बोरघाट, साताऱ्याकडे कात्रज आणि खंबाटकी, सासवडकडे दिवेघाट, यांपैकी काही ना काही ओलांडल्याशिवाय शहराबाहेरच्या कितीतरी फेऱ्या पुऱ्या होत नाहीत. खोपोली आणि लोणावळा यांच्या उंचीत सुमारे ५५० मीटरचा फरक आहे. मालासह तीन टन वजनाची गाडी एवढी वर चढवायला, रस्त्याचे आणि हवेचे घर्षण बाजूला ठेवूनही, साडेचार युनिट ऊर्जा लागते. ज्या छोट्या मालवाहू गाडीची बॅटरी एकवीस-बावीस युनिटची असते, तिची पाचव्या हिश्शाहून अधिक साठवण केवळ या चढणीत जाते. उतरताना मोटर जनित्रासारखी चालून त्यातील काही ऊर्जा परत मिळते आणि ब्रेकही कमी झिजतात, मात्र बॅटरीत जागा असेल तरच. लोणावळ्यात शंभर टक्के चार्ज करून लगेच घाट उतरणाऱ्या गाडीला ती ऊर्जा घेता येत नाही आणि सगळा भार ब्रेकवर पडतो. म्हणून घाटमाथ्यावर चार्जिंग करायचे असल्यास ते ऐंशी टक्क्यांच्या आसपास थांबवावे, ही सूचना चालकांच्या प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी आली पाहिजे.

दुसरी पायरी : फेरी आणि इंधन यांची जोडी

रात्री ठरलेल्या जागी परत येणारी, रोज जवळपास सारखेच अंतर धावणारी आणि वारंवार थांबणारी गाडी विजेसाठी योग्य. शहरातील घरपोच वाटप, कारखान्यांमधील ठरावीक फेऱ्या, शाळेच्या बस आणि कर्मचारी वाहतूक यांत मोडतात. शाळेच्या बसला सकाळ-दुपारच्या फेऱ्यांमध्ये मोठी विश्रांती मिळते, हा तिचा विशेष फायदा आहे.

ज्या गाडीचे अंतर रोज बदलते, जी जिल्ह्याबाहेर जाते, पण जिच्या मार्गावर भरणा केंद्रे आहेत, तिच्यासाठी आज सीएनजी हा व्यवहार्य पर्याय आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवड भागात महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेडचे जाळे असल्यामुळे रिक्षांपासून पीएमपीएमएलच्या बसपर्यंत हे इंधन येथे रुळलेले आहे. चाकणहून उत्तरेकडे हजार-बाराशे किलोमीटर जाणाऱ्या जड ट्रकसाठी द्रवरूप नैसर्गिक वायूचा विचार होऊ शकतो. हा वायू उणे १६२ अंश सेल्सिअसच्या आसपास साठवलेला असतो, आणि गाडी काही दिवस नुसती उभी राहिली तर टाकीतील वायू तापून दाब वाढतो व तो बाहेर सोडावा लागतो. त्यामुळे ज्यांचे ट्रक भाड्याच्या प्रतीक्षेत आठवडा-आठवडा उभे असतात, त्यांना तो सुचवू नये.

हायड्रोजनबद्दल प्रत्येक बैठकीत कोणीतरी विचारतेच. केपीआयटी ही कंपनी आणि वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद यांनी विकसित केलेल्या हायड्रोजन इंधनघटावरील (फ्युएल सेलवरील) बसचे अनावरण ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यातच झाले, त्यामुळे कुतूहल स्वाभाविक आहे. परंतु दहा गाड्यांच्या मालकाने यंदा घ्यावा असा हा पर्याय नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगावे. बायोडिझेलच्या बाबतीत एवढेच पाहावे की इंजिनाच्या उत्पादकाने किती टक्के मिश्रणाला लेखी मान्यता दिली आहे. त्याहून अधिक मिसळल्यास हमी जाऊ शकते, आणि रस्त्याकडेला स्वस्तात मिळणाऱ्या तथाकथित बायोडिझेलपासून दूर राहिलेले बरे.

तिसरी पायरी : पैशांचा हिशेब

येथे नवखा माणूस बहुधा इंधनाच्या दरातील फरक दाखवून थांबतो. मालकाला मात्र हप्ता दिसत असतो. समजा, एक पिकअप लिटरला १४ किलोमीटर देतो आणि डिझेल ९० रुपये लिटर धरले, तर किलोमीटरला सुमारे ६ रुपये ४० पैसे पडतात. त्याच कामाच्या विजेच्या गाडीला चार्जिंगमधील तूट धरून किलोमीटरला ०.२२ युनिट लागते आणि युनिटचा दर ९ रुपये धरला, तर खर्च सुमारे २ रुपये येतो. बचत ४ रुपये ४० पैसे. आता गाडी रोज ८० किलोमीटर आणि वर्षाला ३०० दिवस धावली, तर वार्षिक बचत सुमारे १ लाख ५ हजार रुपये होते. दोन गाड्यांच्या किमतीत ४ लाखांचा फरक असेल, तर व्याज न धरताही तो भरून निघायला जवळपास चार वर्षे लागतात. हीच गाडी रोज १४० किलोमीटर धावली, तर बचत वर्षाला १ लाख ८५ हजारांच्या घरात जाते आणि फरक सव्वादोन वर्षांच्या आत फिटतो. हे आकडे नमुन्यादाखल आहेत. प्रत्यक्षात मालकाच्या वहीतले आणि त्या आठवड्याच्या दरपत्रकातले घ्यावेत.

या उदाहरणात या व्यवसायातील खरी ओढाताण दिसते. ज्या गाडीला रेंजची भीती नाही, ती इतकी कमी धावते की तिचे पैसे लवकर फिटत नाहीत, आणि जिचे पैसे झटपट फिटतात, तिला एका चार्जिंगमध्ये दिवस पुरा करता येत नाही. यातून वाट काढायची ती दुपारच्या थांब्यातून. कारखान्याच्या गेटवर माल उतरेपर्यंत गाडी दीड तास उभी राहत असेल आणि तेथे चार्जर बसवण्यास कारखाना तयार असेल, तर लहान बॅटरीची गाडीही मोठे अंतर धावते. म्हणून गाडीमालकाइतकेच माल पाठवणाऱ्या कंपनीशी बोलणे महत्त्वाचे आहे. अनेक मोठ्या कंपन्यांना आपल्या वाहतुकीतील उत्सर्जन कमी दाखवायचे असते. त्यांच्याकडून चार्जरची जागा आणि गाडीच्या कर्जाएवढ्या मुदतीचा भाडेकरार मिळवता आला, तर बँकेकडचे निम्मे काम सोपे होते. वर्षाच्या कराराच्या भरवशावर पाच वर्षांचे कर्ज काढायला मालकाला सांगणे योग्य नव्हे.

हिशेबात दोन्ही बाजूंचे बारीक खर्चही धरावेत. विजेच्या गाडीत ऑइल बदलणे, फिल्टर, क्लच हे खर्च नाहीत, आणि बीएस-सहा या उत्सर्जन निकषाच्या डिझेल गाड्यांपैकी ज्यांना युरियाचे द्रावण लागते, त्यांचा तो खर्चही वाचतो. दुसऱ्या बाजूला विम्याचा हप्ता, चार्जरची उभारणी आणि जुनी गाडी विकताना मिळणाऱ्या किमतीबद्दलची अनिश्चितता आहे. बॅटरीची हमी वर्षांत आहे, किलोमीटरमध्ये आहे, आणि क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यावर ती लागू होते, हे हमीपत्रातून उतरवून घ्यावे, विक्रेत्याच्या बोलण्यातून नव्हे.

कार्बनच्या बाबतीतही सरसकट विधाने करू नयेत. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे वरच्या पिकअपचे किलोमीटरला साधारण १९० ग्रॅम होतात. आपल्या देशातील ग्रिडची वीज अजून मोठ्या प्रमाणात कोळशावर अवलंबून असल्यामुळे युनिटमागे सुमारे ०.७ किलो धरले, तर विजेच्या गाडीचे १५० ग्रॅमच्या आसपास येतात. घट आहे, पण जाहिरातीत असते तेवढी नाही. ती मोठी करायची असेल तर शेडच्या छपरावर सौर पॅनेल आणि दिवसा चार्जिंग यांची जोड द्यावी लागते. शहराच्या हवेत धूर न सोडण्याचा लाभ मात्र पहिल्या दिवसापासून मिळतो. सीएनजीत कार्बन डायऑक्साइड आणि काजळी कमी असली, तरी गळालेला मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापमानवाढ करतो, त्यामुळे गळती तपासणे हा सुरक्षिततेइतकाच पर्यावरणाचाही विषय आहे.

चौथी पायरी : आवार

गाडी ठरवण्याआधी आवार पाहावे. हा क्रम उलटा झाल्यामुळे नव्या गाड्या चार्जरची वाट पाहत उभ्या राहिल्याचे प्रसंग घडतात.

विजेसाठी पहिला प्रश्न जागेच्या मालकीचा. आवार भाड्याचे असेल, तर जोडणी कोणाच्या नावावर घ्यायची आणि जागा सोडताना केबल व ट्रान्सफॉर्मर कोणाचे, हे भाडेकरारात लिहून घ्यावे. दुसरा प्रश्न भाराचा. दहा गाड्यांसाठी प्रत्येकी ७.४ किलोवॉटचे चार्जर बसवले आणि सगळे एकदम चालू झाले, तर ७४ किलोवॉट भार लागतो, आणि तेवढ्यासाठी ट्रान्सफॉर्मर वाढवण्याचा खर्च मालकाच्या माथी येऊ शकतो. परंतु प्रत्येक गाडीला रात्रीत १८ युनिट हवी असतील, तर एकूण गरज १८० युनिटची होते. आठ तासांत विभागून दिल्यास सरासरी २२-२३ किलोवॉट पुरतात. पाळीपाळीने चार्ज करणारी नियंत्रण व्यवस्था घेतली, तर ३० किलोवॉटच्या भारात काम भागते. महावितरणकडे अर्ज करण्यापूर्वी हा एक कागद तयार असला पाहिजे, कारण एकदा अवाढव्य भार मागितला की स्थिर आकार दरमहा भरत बसावे लागते.

वाहन चार्जिंगसाठी महावितरणची स्वतंत्र दरश्रेणी आहे आणि दिवसाच्या वेळेनुसार दर बदलतात. जोडणी त्या श्रेणीतच मंजूर झाली आहे ना, हे पहिल्या बिलावर तपासावे. अर्थिंग, योग्य प्रकारचे वीजगळती-संरक्षण आणि पावसाचे पाणी साचणार नाही एवढ्या उंचीचा ओटा यांत काटकसर करू नये. मोठ्या उभारणीला विद्युत निरीक्षकांची मंजुरी लागते आणि तिला लागणारा वेळ वेळापत्रकात आधीच धरावा. पुण्यात देखभालीसाठी गुरुवारी वीज बंद ठेवण्याची जुनी पद्धत आहे. दुपारच्या चार्जिंगवर अवलंबून असलेल्या ताफ्याने आपल्या भागातील वेळा विचारून गुरुवारच्या फेऱ्यांचे नियोजन वेगळे करावे.

सीएनजीच्या बाबतीत आवारापेक्षा भरणा केंद्र महत्त्वाचे. नकाशावर केंद्र दिसते म्हणून समाधान मानू नये, तर ते थेट गॅसवाहिनीवर आहे की तेथे एकत्र जोडलेल्या सिलिंडरांची साखळी ट्रकने आणली जाते, हे विचारावे. ट्रकने येणाऱ्या केंद्रावर साखळी रिकामी होत आली की दाब घसरतो. गाडीच्या टाक्या सुमारे २०० बारच्या दाबासाठी असतात, पण दाब कमी असताना त्या अर्ध्या-पाऊणच भरतात. मग चालक दिवसातून दोनदा रांगेत उभा राहतो. रांगेतील एक तास हा पगाराचाही एक तास असतो आणि तो हिशेबात क्वचितच दिसतो. ज्या वेळी गाड्या भरायला जाणार, त्याच वेळी आपण स्वतः केंद्रावर जाऊन उभे राहावे. सकाळी दहाला मोकळे दिसणारे केंद्र संध्याकाळी सातला रिक्षांनी भरलेले असते.

दुरुस्तीच्या शेडमध्ये डिझेलच्या सवयी बदलाव्या लागतात. मिथेन हवेपेक्षा हलका असल्यामुळे तो छताखाली साठतो, म्हणून वरच्या बाजूने हवा खेळती हवी आणि छताजवळ ठिणगी पाडणारे दिवे किंवा पंखे नसावेत. टाक्यांची दर तीन वर्षांनी मान्यताप्राप्त केंद्रात चाचणी करून घेणे बंधनकारक आहे, आणि त्या दिवसांत गाडी बंद राहते हे मालकाला आधीच सांगावे. विजेच्या गाडीतील नारिंगी केबल म्हणजे उच्च विद्युतदाबाची वाहिनी, तिला प्रशिक्षण नसलेल्या मेकॅनिकने हात लावायचा नाही, हा नियम शेडच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

पाचवी पायरी : कागदपत्रे

जुन्या गाडीला सीएनजी किट बसवायचे असल्यास ते त्या मॉडेलसाठी मान्यताप्राप्त असले पाहिजे, बसवणारे केंद्र अधिकृत असले पाहिजे, आणि आरटीओकडे नोंदणी प्रमाणपत्रावर इंधनाची नोंद बदलून विमा कंपनीलाही कळवले पाहिजे. यातील एखादी गोष्ट राहिली तर अपघातानंतर दावा अडकतो. बीएस-सहा गाड्यांत असा बदल करण्यास साडेतीन टनांपेक्षा कमी वजनाच्या गाड्यांपुरती मुभा आहे. टाक्यांच्या वजनामुळे पासिंगमध्ये, म्हणजे गाडीच्या मंजूर वजनात, बसणारा माल कमी होतो, हेही येथेच सांगावे, कारण ओव्हरलोडचा दंड आला की दोष सल्लागाराला दिला जातो.

विजेच्या व्यावसायिक गाडीला हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरे असतात. केंद्र सरकारच्या १८ ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने बॅटरीवरील तसेच इथेनॉल व मिथेनॉलवरील परिवहन वाहनांना परवान्याच्या अटीतून सूट दिली. योग्यता प्रमाणपत्र आणि विमा मात्र लागतोच. अनुदानाच्या बाबतीत ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेली पीएम ई-ड्राइव्ह योजना आणि राज्याचे २०२५ चे विद्युत वाहन धोरण पाहावे. विजेच्या ट्रकसाठीच्या केंद्रीय प्रोत्साहनाला जुना ट्रक मोडीत काढल्याच्या प्रमाणपत्राची अट आहे, आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर विजेच्या गाड्यांना असलेली टोलमाफी मालवाहू गाड्यांसाठी नाही. योजनांची मुदत व निधी बदलत असल्यामुळे अनुदान मिळाले नाही तरी व्यवहार तगतो का, हे आधी तपासावे आणि अनुदान वरची मिळकत समजावे.

सहावी पायरी : चाचणी आणि चालक

सर्व गाड्या एकदम बदलू नयेत. दोन गाड्या घ्याव्यात आणि त्यांच्या चाचणीत पावसाळा व एप्रिल-मे दोन्ही यावेत, कारण वातानुकूलन, साचलेले पाणी आणि वाहतूककोंडी यांचा परिणाम पत्रकावरील रेंजमध्ये दिसत नाही. सर्वांत सोपी फेरी चाचणीसाठी देण्याचा मोह होतो. त्याऐवजी एक सोपी आणि एक मध्यम अवघड फेरी द्यावी.

चालकांशी सुरुवातीपासून बोलावे. काही ताफ्यांत वाचवलेल्या डिझेलवर चालकाची थोडी वरकमाई चालते, कधी मालकाच्या संमतीने तर कधी तिच्याशिवाय. ती बंद होणार म्हटल्यावर नव्या गाडीत रोज नवा बिघाड सापडू लागतो. यावर उपदेश निरुपयोगी आहे. किलोमीटरमागे लागणाऱ्या युनिटवर आधारित उघड प्रोत्साहन ठरवले, तर तोच चालक हळुवार ब्रेक लावून ऊर्जा परत मिळवायला शिकतो. गाडी वीस टक्के चार्जवर परत आणणे सुरक्षित आहे हे चालकाला स्वतः अनुभवता यावे, यासाठी पहिले काही दिवस जाणकार माणूस सोबत बसवावा.

सातवी पायरी : करार आणि जुन्या गाड्या

गाडी विकतच घ्यावी असे नाही. पीएमपीएमएलने २०१९ च्या सुरुवातीस भेकराईनगर आगारातून विजेच्या बस सुरू केल्या, तेव्हा बस आणि तिची देखभाल कंत्राटदाराची, आणि महामंडळ किलोमीटरमागे ठरलेला दर देणार, अशी रचना होती. बॅटरीची जोखीम ज्याला ती समजते त्याच्याकडे राहते, हा तिचा लाभ. लहान मालकांनाही भाडेपट्टीवर गाड्या मिळतात, पण करारात दरमहा किमान किलोमीटरची अट असते, आणि मंदीच्या महिन्यात गाडी उभी राहिली तरी तेवढे पैसे द्यावे लागतात. ही अट आणि बिघाड झाल्यास पर्यायी गाडी किती तासांत मिळेल हे कलम, दोन्ही मालकासमोर मोठ्याने वाचून दाखवावे.

डिझेलच्या गाड्यांपैकी सर्वांत जुन्या आधी मोडीत काढाव्यात आणि एखाद-दुसरी चांगली गाडी पहिला पावसाळा संपेपर्यंत राखीव ठेवावी. जुनी गाडी तालुक्याच्या गावी विकली तर धूर फक्त जागा बदलतो. पण मालकाला तिची किंमत हवी असते, म्हणून मोडीचे प्रमाणपत्र घेतल्यास मिळणारे लाभ आणि बाजारभाव यांची तुलना कागदावर मांडून निर्णय त्याच्यावर सोडावा. चाचणीच्या दोन गाड्यांचे आकडे हाती आल्यावर फेऱ्यांची वही पुन्हा उघडावी आणि पुढच्या तीन गाड्या कोणत्या, हे त्यावरून ठरवावे.